थकवा, केस गळणं आणि टीएसएच ७.२: थायरॉइड बिघडलाय हे ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३६. सात-आठ महिन्यांपासून थकवा आहे, कंगव्यात केसांचे पुंजके येतात, वजन चार किलोंनी वाढलंय आणि पाळीत अंगावरून जास्त जातं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू केल्यात. रक्त तपासलं तर टीएसएच ७.२ आणि टी-४ नॉर्मल. मेडिकलवाला म्हणतो थायरॉइडची २५ची गोळी सुरू करा. घरचे म्हणतात वयच झालंय, चालायला जा. आईला पंधरा वर्षांपासून थायरॉइडची गोळी आहे. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय, की २८ वर्षांचा धाकटा भाऊ भरपूर जेवूनही बारीक होतोय, त्याचे हात थरथरतात; त्यालाही हेच असेल का?

मी सव्वीस वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतोय, आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या शेवटच्या ओळीची वाटली. भावाला याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. का ते पुढे सांगतो. तुमच्या बाबतीत थोडा वेळ आहे, पण तो वेळ नीट वापरायला हवा.

थायरॉइडची ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असते. फुलपाखरासारखा आकार, वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. शरीराची चूल किती मोठी पेटवायची हे ती ठरवते, म्हणून ती बिघडली की त्वचेपासून हृदयापर्यंत सगळीकडे परिणाम दिसतो. आता एक घोळ आधी मिटवू. 'माझा थायरॉइड वाढलाय' असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेकदा रिपोर्टमधला टीएसएच वाढलेला असतो. पण टीएसएच हा थायरॉइडचा हार्मोनच नाही; तिचे हार्मोन म्हणजे टी-४ आणि टी-३. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूष ग्रंथीनं थायरॉइडला मारलेली ती हाक आहे. थायरॉइड काम कमी करू लागली की हाक मोठी होते, म्हणजे टीएसएच वाढतो. ती गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की हाक बंद होते, टीएसएच शून्याजवळ जातो. म्हणून आकडा वाढला म्हणजे ग्रंथी मंदावली, आणि आकडा पार खाली गेला म्हणजे ती सुसाट सुटली, हे पक्कं लक्षात ठेवा. पेशंटनं हे उलटं समजून स्वतःच्या मनानं गोळी बंद केल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

आधी मंदावलेली थायरॉइड. थकवा, केस, वजन ही तीन लक्षणं सगळे सांगतात, आणि या तिन्हींवरून मला फारसं काही कळत नाही. मी वेगळेच प्रश्न विचारतो. घरात पंख्यावरून भांडण होतं का? बाकीच्यांना उकडतंय आणि ही बाई मे महिन्यातही पांघरूण ओढून घेते, हे उत्तर आलं की मी कान टवकारतो. अंगठी बोटात रुतायला लागलीय का, बांगड्या चढेनाशा झाल्यात का? सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली आणि चेहऱ्यावर सूज असते का? फोनवर कुणी 'सर्दी झालीय का?' असं विचारतं का? मंद थायरॉइडमध्ये आवाज जाड आणि घोगरा होतो, पण रोज ऐकणाऱ्या घरच्यांना ते कळत नाही; महिन्यातून एकदा फोन करणाऱ्या बहिणीला कळतं. नडग्या आणि कोपरं तेल लावूनही तासाभरात पुन्हा खरखरीत होतात का? घाम येणं कमी झालंय का? पोट साफ व्हायचं ते होईनासं झालंय का? आणि बोलताना शब्द सापडायला वेळ लागतो, साधा हिशेब करायला दोनदा बसावं लागतं, असं काही?

यातलं एकेक लक्षण कुणालाही असू शकतं. टाचांना भेगा तर निम्म्या महाराष्ट्राला आहेत. माझी खूण वेगळी आहे: चार-पाच गोष्टी एकत्र, काही महिन्यांत हळूहळू आलेल्या, आणि तुमच्या स्वतःच्या आधीच्या प्रकृतीपेक्षा वेगळ्या. लहानपणापासून थंडी सोसत नसेल तर ते लक्षण नाही. पूर्वी पंखा पाचवर लावणारी बाई आता शाल घेत असेल तर ते लक्षण आहे. हा बदल इतका सावकाश येतो की माणूस त्याला सरावतो. म्हणून मी पेशंटला दोन-तीन वर्षांपूर्वीचा मोबाइलमधला फोटो दाखवायला सांगतो आणि तो चेहऱ्याशेजारी धरून बघतो. पापण्या जड झाल्यात, गाल भरलेत, भुवयांचा बाहेरचा भाग विरळ झालाय, हे फोटो शेजारी असला की लगेच दिसतं.

तपासताना एक गोष्ट मी कधीच सोडत नाही. पेशंटला खुर्चीवर गुडघे टेकवून पावलं मागे लोंबती ठेवायला सांगतो आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडीनं हलकेच मारतो. निरोगी माणसाचं पाऊल झटक्यात खाली जातं आणि तितक्याच झटक्यात परत येतं. थायरॉइड बरीच मंदावली असेल तर पाऊल झटक्यात जातं, पण परत येताना एखादं जड दार हळूहळू मिटावं तसं येतं. सोबत आलेल्या नातेवाइकांनाही ते डोळ्यांनी दिसतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, पन्नाशीच्या. दोन्ही हातांना रात्री मुंग्या येत, मनगटाच्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला होता. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून त्याची गोळी वेगळी. त्या बोलता बोलता म्हणाल्या, 'डॉक्टर, हल्ली वर्गात माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही.' मनगटातल्या मुंग्या, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि बसलेला आवाज एका सूत्रात ओवले गेले ते या वाक्यामुळे. टीएसएच शंभराच्या वर निघाला. गोळी सुरू केल्यावर चार-पाच महिन्यांत मुंग्या थांबल्या, कोलेस्टेरॉल उतरलं, ऑपरेशन लागलंच नाही. मनगटातली नस दाबली जाणं आणि कोलेस्टेरॉल वाढणं ही मंद थायरॉइडची ओळखीची लक्षणं आहेत, फक्त ती वेगवेगळ्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये विखुरलेली असतात.

वजनाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण त्यावरून फार गैरसमज आहेत. मंद थायरॉइडमुळे वजन वाढतं ते साधारण चार-पाच किलो, आणि त्यातही बराच भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा असतो. पंधरा-वीस किलो वाढलं असेल तर त्याचं खापर एकट्या थायरॉइडवर फोडता येत नाही. गोळी चालू केली की वजन झरझर उतरेल ही आशाही ठेवू नका. निरोगी माणसानं वजन उतरवायला ही गोळी घेणं तर हृदयाशी खेळ आहे.

आता तुमच्या थकव्याकडे येतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळते. तुमच्या अंगावरून जास्त जातंय. म्हणजे लोह कमी झालेलं असण्याची शक्यता भरपूर, आणि लोह कमी झालं की थकवा येतो, केस गळतात, दम लागतो, थंडीही वाजते. हे सगळं थायरॉइडसारखंच. गुंता असा, की थायरॉइड मंदावली तरी पाळीत रक्तस्राव वाढतो. म्हणजे थायरॉइडमुळे पाळी, पाळीमुळे लोह कमी आणि त्यामुळे केस अशी साखळीही असू शकते. म्हणून एकटा टीएसएच पुरत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि साखर हे सोबत बघायलाच हवं. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्की. आणि मन उदास असेल, रात्री झोप लागत नसेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. नैराश्याची आणि मंद थायरॉइडची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात की नुसतं बघून सांगता येत नाही.

बायोटिन. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या रिपोर्टचा सगळा अर्थ त्यावर अवलंबून असू शकतो. शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे दीडशे ते तीनशे पटींहून जास्त असतं. अनेक लॅबच्या मशिनमध्ये तपासणीची पद्धतच बायोटिनवर आधारलेली असते. रक्तात जास्तीचं बायोटिन असलं की अशा मशिनवर टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी-४ खोटा जास्त. तुमच्या बाबतीत याचा अर्थ नीट समजून घ्या: खरा टीएसएच ७.२ पेक्षा जास्त असू शकतो आणि 'नॉर्मल' टी-४ प्रत्यक्षात कमी असू शकतो. पूर्ण निरोगी बाईला बायोटिनमुळे 'थायरॉइड सुसाट' असा रिपोर्ट येऊन उगाच औषधं चालू झाली, असंही घडतं. म्हणून पुन्हा रक्त देण्याआधी ती गोळी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवा, आणि ती घेत होतात हे लॅबमध्येही सांगा.

रिपोर्टबद्दल आणखी थोडं. टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. म्हणून दरवेळी एकाच लॅबमध्ये, सकाळी साधारण एकाच वेळेला रक्त द्या. नुकताच मोठा ताप, डेंग्यू, हॉस्पिटलमध्ये दाखल होणं झालं असेल तर काही आठवडे जाऊ द्या, त्या काळातला आकडा फसवा असतो. स्टिरॉइड, लिथियम, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन यांनीही रिपोर्ट किंवा ग्रंथी बिघडते, तेव्हा सगळ्या औषधांची यादी बरोबर ठेवा.

७.२ चं करायचं काय? प्रौढांमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असावा असं धरतात. तो दहाच्या वर असेल, किंवा टी-४ खरोखर कमी असेल, तर गोळी बहुतेक सगळ्यांना लागते. चार आणि दहाच्या मधे असेल आणि टी-४ नॉर्मल असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघतात, कारण कित्येकांचा तो आपोआप खाली येतो. तुमच्या बाबतीत मी मात्र बायोटिन थांबवून आठवडाभरातच पुन्हा तपासायला सांगेन: टीएसएच, फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे शरीरानं स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध बनवलेली प्रथिनं. शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते, या आजाराचं वर्णन जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये केलं. तो घराण्यात चालतो, आणि तुमच्या आईची गोळी मला त्याच दिशेनं बघायला लावते. अँटिबॉडी असतील तर आकडा पुढे वाढत जाण्याची शक्यता जास्त. आणि एक प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही तो मी विचारतो: मूल होऊ देण्याचा विचार आहे का? असेल, किंवा दिवस गेले असतील, तर दोन-तीन महिने थांबायचं नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला आईचाच थायरॉइड हार्मोन पुरवावा लागतो. उलट ७५-८० वर्षांच्या आजीचा टीएसएच ६ किंवा ७ असेल, तर मी सहसा काहीच देत नाही. वयाबरोबर तो थोडा वाढतोच.

मेडिकलवाल्याचा सल्ला कदाचित शेवटी बरोबरही ठरेल. पण कारण न बघता सुरू केलेली गोळी पुढे बंद करायची की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही, आणि लोहाची कमतरता तशीच मागे राहून जाते. गोळी लागलीच तर सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या ते एक तासानं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. डोस बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत टीएसएच तपासू नका, तोवर खरा आकडा स्थिर झालेला नसतो.

देशातल्या आठ शहरांत प्रौढांची पाहणी झाली होती, मुंबईही त्यात होती. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइड मंदावलेली निघाली, आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना आपल्याला हे आहे याचा पत्ताच नव्हता. तेव्हा 'वयच झालंय' हे उत्तर ३६व्या वर्षी तपासणीशिवाय स्वीकारू नका.

आता तुमचा भाऊ. भूक वाढलीय आणि वजन उतरतंय, ही जोडी फार थोड्या आजारांत दिसते: वाढलेली साखर आणि सुसाट सुटलेली थायरॉइड हे त्यातले मुख्य. लोक आधी जंताचं औषध देतात, मग 'टेन्शन घेतो' म्हणतात. तरुण मुलगा असला की थायरॉइडचं नाव कुणाच्या मनातही येत नाही, कारण हा बायकांचा आजार अशी समजूत आहे. बायकांना तो जास्त होतो हे खरं. पुरुषांना होत नाही हे खोटं.

त्याला दोन्ही हात समोर ताठ धरून बोटं पसरायला सांगा आणि हातांच्या पाठीवर एक कागद ठेवा. कागदाची कड भराभर थरथरताना दिसेल. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, त्याची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. शांत झोपून उठलेल्या तरुणाची नाडी ९०-१०० च्या वर असेल तर ते टेन्शन नव्हे. काळजीनं होणारी धडधड झोपेत शांत होते, थायरॉइडची होत नाही. दरदरून घाम, तळहात गरम आणि ओलसर, दिवसातून तीन-चारदा शौचाला जावं लागणं, चिडचिड, जिना चढताना किंवा भारतीय पद्धतीच्या संडासात बसून उठताना मांड्यांत ताकद नसणं, हे विचारा. डोळे बघा. टक लावून बघतोय असं वाटतं का, बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसतो का, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का? डोळ्यांवर असा परिणाम करणाऱ्या थायरॉइडच्या आजाराला रॉबर्ट ग्रेव्हज या आयरिश डॉक्टरांचं नाव आहे, त्यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं. भाऊ सिगारेट ओढत असेल तर आजपासून बंद, धुरामुळे हा डोळ्यांचा त्रास हमखास वाढतो.

आणखी एक गोष्ट तरुण पुरुषांत दिसते आणि घरचे फार घाबरतात. रात्री लग्नाचं भरपेट जेवण, गोडधोड झालं, आणि पहाटे बघतो तर पाय उचलत नाहीत. थायरॉइड सुसाट सुटलेली असताना रक्तातलं पोटॅशियम अचानक घसरल्यामुळे असं होतं. असं झालं तर घरी मालिश करत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या.

त्याच्या तपासण्या म्हणजे टीएसएच, फ्री टी-४, टी-३, साखर आणि ईसीजी. टीएसएच दबलेला निघाला तरी काम संपत नाही. ग्रंथी खरोखर जास्त हार्मोन बनवतेय, की सूज आल्यामुळे साठलेला हार्मोन नुसता गळतोय, हे अँटिबॉडीच्या तपासणीनं किंवा स्कॅननं ठरवावं लागतं. गळती असेल तर ती काही आठवड्यांत आपोआप थांबते, तिला कार्बिमॅझोल, म्हणजे हार्मोन बनणं कमी करणारं औषध, देऊन उपयोग नाही. कार्बिमॅझोल सुरू झालंच तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी त्या क्षणी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. क्वचित होतं, पण होतं तेव्हा जिवावर बेततं.

म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदा यातलं फारसं काही दिसत नाही. वजन उतरतं, माणूस गप्प होतो, नाडी अनियमित होते, बस्स. साठीनंतर नाडी नव्यानं अनियमित झाली तर टीएसएच बघितलाच पाहिजे.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात आधी धडधड आणि मग थकवा असा क्रम आला तर तो 'बाळंतिणीचा अशक्तपणा' म्हणून सोडू नका. बहुतेकींचं ते पूर्ण बरं होतं, पण लक्ष ठेवावं लागतं. नवजात बाळाची टीएसएच तपासणी जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच व्हायला हवी. 'किती शांत बाळ आहे, रडतच नाही' असं ज्याचं कौतुक होतं, ज्याची कावीळ लांबते, त्या बाळाची थायरॉइड मंद असू शकते, आणि दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बुद्धी वाचते. मोठ्या मुलांत मुख्य खूण म्हणजे उंची. दोन वर्षं तोच गणवेश बसतोय, तर आईनं कौतुक न करता डॉक्टरकडे जावं.

हे सगळं हार्मोनबद्दल झालं. गळ्यातली गाठ हा वेगळा विषय आहे, आणि टीएसएच नॉर्मल असला तरी गाठ असू शकते. आरशासमोर उभ्या राहा, मान थोडी मागे करा आणि घोटभर पाणी गिळा. कंठमण्याखाली काही वरखाली होताना दिसलं तर सोनोग्राफी करा. बहुतेक गाठी साध्या असतात. गाठ दगडासारखी कडक, भराभर वाढणारी, आवाज बसवणारी किंवा मानेत बाजूलाही गाठी असतील तर सुईची तपासणी लांबवू नका. सर्दी-तापानंतर गळा पुढून दुखतोय आणि कळ कानात जातेय, असं असेल तर बहुधा ग्रंथीची तात्पुरती सूज असते.

मिठाचं शेवटी. हल्ली घरोघरी सैंधव आलंय. त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. १९६२ मध्ये आपल्याकडे गलगंडाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो आयोडीनयुक्त मिठाच्याच जोरावर, तेव्हा रोजच्या स्वयंपाकात ते मीठ असू द्या. पण तुमचा आजार हाशिमोटोचा निघाला तर जास्तीच्या आयोडीनच्या गोळ्या घेऊ नका, त्यानं उलट बिघडतं. शिजवलेला कोबी-फ्लॉवर खुशाल खा.

तुमचं रक्त पुढच्या आठवड्यात. भावाची नाडी उद्या सकाळी मोजा आणि आकडा मला कळवा. छातीत धडधड थांबत नसेल, ठोके अनियमित लागत असतील किंवा दम लागत असेल तर कळवण्यात वेळ घालवू नका, त्याला घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा.